लोशन थंडीत तेल सोडतंय? होमोचा वेग वाढवण्याआधी हे तपासा

दिवाळी उलटली की इंदूरात सांवेर रोड आणि पालद्याच्या छोट्या युनिटांकडून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. बॉडी लोशन महिन्याभरात तेल सोडतं. बाटलीच्या मानेपाशी पिवळसर कडं दिसतं, दुकानदार माल परत पाठवतो. फॉर्म्युला तोच, कच्चा माल त्याच सप्लायरचा, लॅबमधला दोन किलोचा नमुना अजून जसाच्या तसा. प्लँटवरचं उत्तर ठरलेलं असतं: ‘साब, होमो तो फुल पे चल रहा है।’

होमो, म्हणजे तेल बारीक थेंबांत फोडणारा होमोजनायझर, फुलवर चालतोय, हे खरंच असतं. मग मालक वेळ वाढवतो, दहा मिनिटांची पंचवीस करतो. त्यानेही भागलं नाही तर इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) अर्धा टक्का वाढवतो. पुढच्या दोन-तीन बॅच बऱ्या जातात आणि जानेवारीच्या कडाक्यात पुन्हा तेच.

यात मुळात विचारायचा प्रश्न एकच आहे: तेलाचे थेंब फुटतच नाहीयेत, की फुटून पुन्हा एकत्र येताहेत? बाटलीत दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. इलाज मात्र वेगळे आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर पैसे आणि वीज दोन्ही वाया.

खाली जे लिहितोय ते पाण्यात तेल असलेल्या, वीस टक्क्यांच्या आसपास ऑइल फेज (तेल आणि त्यात वितळलेली मेणं) असलेल्या, गरम करून बनवायच्या लोशनसाठी. भांडं तीनशे किलोचं, तळाशी रोटर-स्टेटर होमो (भोकांच्या स्थिर कड्यात, म्हणजे स्टेटरमध्ये, फिरणारी पाती, म्हणजे रोटर), वर अँकर, म्हणजे माल हळू फिरवणारा मोठा ढवळा. आपल्याकडच्या बहुतेक युनिटांत हेच असतं.

आधी स्लाइड, मग मशीन

क्यूसीत (माल तपासायच्या लॅबमध्ये) मायक्रोस्कोप असतो, पण तो धूळ खात असतो. तो काढा. चाळीसची ऑब्जेक्टिव्ह लावा आणि स्टेज मायक्रोमीटरने (बारीक खुणा कोरलेल्या काचेने) एकदा मोजपट्टी पक्की करून घ्या, नाहीतर ‘बारीक दिसतंय’ आणि ‘जाड दिसतंय’ एवढ्यावरच गाडी अडते.

होमो चालू असतानाच सँपल घ्यायचं, बंद केल्यावर नाही. एक चमचाभर लोशन साध्या कोमट पाण्यात ढवळायचं. दुसरं चमचाभर, त्याच क्षणी, एक टक्का एसएलएसच्या (सोडियम लॉरिल सल्फेट) द्रावणात. एसएलएस जोरकस आहे, ते थेंबांवर ताबडतोब चढतं आणि थेंब ज्या आकाराचे आहेत त्याच आकाराला राहतात. होमो बंद केल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा हेच दोन नमुने.

चालू होमोचे दोन्ही नमुने जाड असतील तर थेंब फुटत नाहीयेत. चालू असताना एसएलएसमधला नमुना बारीक, पण अर्ध्या तासानंतरचा एसएलएसमध्ये टाकूनही जाडच, तर थेंब फुटले होते आणि नंतर जुळले. अर्ध्या तासानंतरचा साध्या पाण्यात द्राक्षाच्या घडासारखा दिसतो आणि एसएलएसमध्ये सुटा होतो, तर थेंब जुळलेले नाहीत, नुसते एकमेकांना चिकटलेत. ही तिसरी गोष्ट सर्वात कमी गंभीर. तिचा होमोशी फारसा संबंध नसतो, पाण्यातले क्षार किंवा घट्ट करणारा घटक तपासावा लागतो.

एक चौथं चित्रही आहे, आणि आपल्या थंडीत मला तेच सगळ्यात जास्त दिसतं. बहुतेक थेंब तीन ते सहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुबक, आणि मध्येच कुठेतरी तीस-चाळीस मायक्रॉनचा एखादा धोंडा. सरासरी काढली तर उत्तम निघते. पण तेल सोडतं ते या मोजक्या धोंड्यांमुळेच, कारण वर चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. पाच मायक्रॉनच्या थेंबापेक्षा चाळीसचा थेंब चौसष्टपट वेगाने वर येतो.

मायक्रोस्कोपला दोन पोलराइड काचा आडव्या-उभ्या लावता आल्या तर अजून एक गोष्ट कळते. त्या काळोखात धोंडा आतून चकाकला तर तो तेलाचा थेंब नव्हेच, गोठलेल्या मेणाचा गोळा आहे. थेंबाच्या कडेभोवती फुलीसारखी चमक दिसली तर घाबरू नका. ती इमल्सिफायर आणि फॅटी अल्कोहोल (मेणासारखा घटक) यांच्या थरांची रचना आहे आणि चांगल्या लोशनमध्ये ती असतेच.

थेंब नेमका कुठे फुटतो

खवळलेल्या प्रवाहात लहान-मोठे भोवरे असतात. थेंबापेक्षा खूप मोठा भोवरा थेंबाला अख्खाच उचलून इकडून तिकडे नेतो, त्याला धक्का लावत नाही. खूपच बारीक भोवऱ्यात तेवढी ताकद नसते. फोडतो तो साधारण थेंबाच्याच आकाराचा भोवरा, कारण थेंबाच्या एका टोकाला त्याचा दाब वेगळा आणि दुसऱ्या टोकाला वेगळा पडतो. हा दाबातला फरक पृष्ठताणाला भारी पडला की थेंब लांबतो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण जितका जास्त, थेंब तितका हट्टी. थेंब लहान होत जातो तसा त्याचा हट्ट वाढतो, म्हणून प्रत्येक प्रवाहाची एक खालची मर्यादा असते. त्यापेक्षा बारीक थेंब तो प्रवाह करूच शकत नाही, तासभर चालवा की दिवसभर.

ही मर्यादा कोल्मोगोरोव्हने १९४९ मध्ये मांडली आणि हिंझे या डच संशोधकाने १९५५ मध्ये तिला आकडा दिला. शब्दांत सांगायचं तर, टिकू शकणारा सर्वात मोठा थेंब म्हणजे ०.७२५ गुणिले, पृष्ठताण भागिले घनता याचा ०.६ घात, गुणिले दर किलो द्रवात जिरणाऱ्या शक्तीचा उणे ०.४ घात. हे सूत्र पातळ थेंबांसाठी आणि थेंब पुन्हा जुळत नाहीत असं धरून आहे. आपल्या भांड्यात या दोन्ही गोष्टी बिनशर्त खऱ्या नसतात, पण आधी आकडे बघू.

समजा रोटर १५ सेंटिमीटरचा आणि मिनिटाला २८०० फेऱ्यांचा. टोकाचा वेग होतो सेकंदाला २२ मीटर. द्रवात साधारण दहा किलोवॅट जातात. तीनशे किलोच्या भांड्यावर वाटले तर किलोमागे ३३ वॅट. सीमेवरचा ताण मीटरला ५ मिलिन्यूटन धरला तर सूत्र सांगतं, थेंब ११५-१२० मायक्रॉनच्या खाली जाणार नाही. यावर तर लोशन बनणंच शक्य नाही! पण ती दहा किलोवॅट भांडंभर पसरत नाही. बहुतेक सगळी रोटरच्या पात्यांजवळ आणि स्टेटरच्या भोकांतून सुटणाऱ्या झोतांत, जेमतेम अर्ध्या लिटरच्या जागेत जिरते. तिथे किलोमागे वीस हजार वॅट पडतात आणि थेंब नऊ मायक्रॉनवर येतो. तिथले सर्वात बारीक भोवरे एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे नऊचा थेंब अजून भोवऱ्यांच्या तावडीत आहे, हिशेब जुळतो.

तेव्हा २९९ लिटर भांडं थेंब फोडत नाही. ते फक्त माल अर्ध्या लिटरच्या त्या खोबणीपर्यंत आणून पोचवतं. अँकर हेच काम करतो. अँकर बंद ठेवून ‘होमो एकटाच पुरे’ म्हणणारे लोक मला अजूनही भेटतात.

आता वेग वाढवण्याचं बघा. त्याच रोटरवर थेंबाचा आकार वेगाच्या उणे १.२ घाताने जातो आणि शक्ती वेगाच्या तिसऱ्या घाताने. वेग वीस टक्के वाढवला तर थेंब वीस टक्क्यांनी लहान होतो, पण मोटर पावणेदोनपट शक्ती मागते. पन्नास हर्ट्झच्या मोटरला साठवर पळवताना ती बहुधा ओव्हरलोडवर ट्रिपच होईल. त्याऐवजी ताण कमी करणं किती स्वस्त आहे ते बघा: लिक्विड पॅराफिन आणि निव्वळ पाणी यांच्यातला ताण ५० मिलिन्यूटनच्या घरात असतो. इमल्सिफायर नीट वितळून जागेवर असेल आणि ताण ५ वर आला, तर थेंब एकदम चौथाईवर येतो. तेच काम निव्वळ वेगाने करायचं तर वेग तिपटीहून जास्त आणि शक्ती तीसपटीच्या वर लागेल.

‘नीट वितळून जागेवर’ हीच खरी भानगड.

थंडीत काय बिघडतं

इंदूरात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि सकाळी आठच्या पाळीला शेडमध्ये सगळं स्टील गार पडलेलं असतं. वरच्या हिशेबात थेंब पातळ धरला होता. जड लिक्विड पॅराफिन खोलीच्या तापमानाला शंभर-दोनशे सेंटीपॉइजचं (सेंटीपॉइज हे दाटपणाचं माप) असतं, ७५ अंशांना दहा-वीसवर येतं. दहा मायक्रॉनच्या थेंबाभोवतीचा भोवरा त्या खोबणीत पंधरा-वीस मायक्रोसेकंद टिकतो. गरम, पातळ थेंबाला लांबून तुटायला ढोबळमानाने तेवढाच वेळ लागतो, म्हणून तो तुटतो. गार थेंबाला दोनशे मायक्रोसेकंद लागतात. तो लांबायला सुरुवात करतो न करतो तोच भोवरा विरतो आणि थेंब पुन्हा गोल. इथे वेळ वाढवून फार काही पदरात पडत नाही, कारण प्रत्येक फेरीत हेच होतं.

शिवाय मेणं. सीटोस्टिअरिल अल्कोहोल पन्नास अंशांच्या आसपास गोठायला लागतं, जीएमएस (ग्लिसरिल मोनोस्टिअरेट) पंचावन्न-साठला. एकदा गोठलं की ते ना तेल, ना इमल्सिफायर.

सांवेर रोडवरच्या एका युनिटात ऑइल फेजची केटली वरच्या माळ्यावर आणि मुख्य भांडं खाली होतं. केटलीवर ७८ अंश, मुख्य भांड्यावर ७५, दोन्ही बॅच कार्डावर नीट नोंदलेले. मधला बारा-पंधरा फुटांचा स्टीलचा पाइप मात्र उघडा, इन्सुलेशनशिवाय, आणि वाटेत एक जाळी. बॅच संपल्यावर जाळी उघडायला लावली तर तिच्यावर बोटभर पांढरा, साबणासारखा थर. जीएमएस आणि फॅटी अल्कोहोल निम्मं-अधिक तिथेच बसलेलं आणि उरलेलं गोळ्यांच्या रूपात खाली गेलेलं. स्लाइडवरचे चकाकणारे धोंडे तेच. ऑपरेटर दर बॅचनंतर ती जाळी इमाने-इतबारे साफ करत होता, पण थर कशाचा आहे हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. पाइपवर इन्सुलेशन घातलं, ऑइल फेज सोडण्याआधी फॉर्म्युल्यातल्याच पाण्यातलं थोडं ८० अंशांचं पाणी त्यातून भांड्यात सोडायला लावलं आणि होमोचा वेग जिथे होता तिथेच ठेवला. तक्रार थांबली.

तुमच्याकडे जाळी नसेल तर दोन जागा बघा. पहिली, मुख्य भांड्याचा सेन्सर कुठे आहे. तो जॅकेटच्या (भांड्याभोवतीच्या गरम आवरणाच्या) भिंतीला चिकटून असेल तर डिस्प्लेवर ७५ दिसतील आणि मधला माल ६२ वर असेल. हाताचा थर्मामीटर मध्यात बुडवून खात्री करा. दुसरी, तळाच्या व्हॉल्व्हआधीचा नळीचा तुकडा. तिथलं पाणी ना गरम होतं, ना ढवळलं जातं, आणि ऑइल फेज पडताच पहिलं गार तोंड त्याचंच लागतं. बॅच सुरू करण्याआधी तळातून बादलीभर पाणी काढून वरून परत ओता. एवढ्या साध्या गोष्टीने काही ठिकाणी अर्धं काम होतं.

फुटून पुन्हा जुळताहेत तर

इथे लोक सरळ इमल्सिफायर वाढवतात. त्याआधी एक हिशेब करून बघा. तीनशे किलोच्या बॅचमध्ये वीस टक्के तेल नऊ मायक्रॉनच्या थेंबांत विभागलं तर थेंबांचं एकूण पृष्ठ चाळीस हजार चौरस मीटर होतं, म्हणजे दहा एकर. दोन मायक्रॉनवर नेलं तर एक लाख ऐंशी हजार, चव्वेचाळीस-पंचेचाळीस एकर. हे सगळं झाकायला चौरस मीटरला दोन मिलिग्रॅम धरले तर पहिल्याला ८० ग्रॅम आणि दुसऱ्याला ३६० ग्रॅम पुरतात. तुम्ही तीन टक्के टाकताय, म्हणजे नऊ किलो. भरपूर उरतंय.

अडचण प्रमाणाची नसते, पोचण्याची असते. नवा थेंब फुटून निघतो तेव्हा त्याचं ताजं पृष्ठ उघडं असतं. झोतातून बाहेर पडताच त्याची दुसऱ्या थेंबांशी टक्कर होते. इमल्सिफायर त्याआधी पृष्ठावर चढला तर थेंब वाचला, नाहीतर दोघांचा एक झाला. ऑइल फेज एकदम ओतला की झोतात तेलाचं प्रमाण काही वेळ चाळीस-पन्नास टक्क्यांवर जातं आणि टकरा बेसुमार वाढतात. म्हणून ऑइल फेज बारीक धारेने, होमो चालू ठेवून, दहा मिनिटांत सोडायचा. पाण्यात विरघळणारा इमल्सिफायर पाण्याच्या फेजमध्ये आधीच असला पाहिजे. तेलात टाकून ‘जाईल तिकडे’ म्हणू नका.

स्टिअरिक ॲसिड आणि ट्रायएथॅनोलअमीनचा साबण जागेवरच बनवणारं लोशन असेल तर पाण्याकडे वेगळं बघा. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या साबणाला पकडून न विरघळणारा चोथा करतं. डीएम प्लँटचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं) रेझिन संपत आलं की कंडक्टिव्हिटी मीटर आधी सांगतो, लोशन नंतर. मीटरवर विश्वास ठेवा.

घात करणारी अजून एक सवय आहे, ती म्हणजे इमल्शन तयार झाल्यावर गारव्यातही होमो चालू ठेवणं. पंचेचाळीस अंशांच्या खाली मेणाची आणि इमल्सिफायरची रचना बसत असते. त्या वेळी होमोने ती मोडली की लोशन पातळ पडतं आणि पुन्हा पूर्ण उभं राहत नाही. थेंब बारीक असूनही मग तेल वर येतं, कारण त्यांना अडवणारं काही उरलेलं नसतं. दहा मायक्रॉनचा थेंब पाण्यासारख्या पातळ द्रवात दिवसाला सत्तर सेंटिमीटर चढतो. हजार सेंटीपॉइजच्या द्रवात एक मिलिमीटरसुद्धा नाही. होमो ६५-७० ला थांबवा, पुढे फक्त अँकर.

मशीनच्या बारीकसारीक गोष्टी

इलेक्ट्रिशियनने काम केलं असेल तर फिरण्याची दिशा बघा. दोन फेज अदलाबदल झाले की रोटर उलटा फिरतो, आवाज येतो, माल हलतो, पण ओढ कमी पडते. बेल्टवर चालणारा होमो असेल तर टॅकोमीटर शाफ्टला लावा, मोटरला नाही. ढिला बेल्ट लोडवर घसरतो.

व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) आकडा वाचा. आवाज कमी व्हावा म्हणून ऑपरेटर ५० चा ४० हर्ट्झ करतो, आणि शक्ती एकदम निम्म्यावर आणि थेंब तीस टक्के मोठे. ॲम्पिअर बघून शक्तीचा अंदाज बांधू नका. मोटर रिकामी फिरतानाही बराच करंट खाते. व्हीएफडीच्या पडद्यावर किलोवॅट मिळतात, ते नोंदवा. किलोवॅट खाली-वर नाचत असतील तर होमो हवा ओढतोय: भोवरा वरून पात्यांपर्यंत पोचलाय, झोतात द्रवाऐवजी फेस आहे आणि फेसात थेंब फुटत नाहीत. भांडं अर्धं भरून बॅच काढणाऱ्यांकडे हे हमखास होतं.

स्टेटरच्या भोकांच्या कडा झिजून गोल झाल्या तर बदला, पण रोटर-स्टेटरमधली फट मायक्रोमीटरने मोजत बसण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

कार्बोमर (लोशन दाट करणारा घटक) असेल तर तो न्यूट्रल करण्याचं, म्हणजे अल्क घालून दाट करण्याचं, काम होमोनंतर. आधी केलात तर पाणी हजारो सेंटीपॉइजचं होतं, प्रवाहातला खळबळाट मरतो आणि माल खोबणीपर्यंत पोचतच नाही. शिवाय होमो कार्बोमरच्या साखळ्या तोडतो ते वेगळंच.

गोदामात आधीच तेल सोडलेला माल पडला असेल तर तो टाकून द्यायची गरज बहुधा नसते. आधी सूक्ष्मजीवांची तपासणी करून घ्या. मग ७५ अंशांपर्यंत नेऊन, मेण पूर्ण वितळल्याची खात्री करून, पुन्हा होमोखालून काढा. तीनशे किलोत दहा किलोवॅट मिनिटाला अर्ध्या अंशाच्या आसपास तापवतात, ते हिशेबात धरा. सुगंध आणि उष्णतेला न टिकणारं प्रिझर्व्हेटिव्ह ४५ अंशांखाली नव्याने घालावं लागेल. कार्बोमरवाल्या मालाला मात्र हे लागू नाही. तो होमोखालून गेला की पातळच होणार, तेव्हा तो ताज्या बॅचमध्ये पाच-दहा टक्क्यांच्या प्रमाणात, अँकरखाली, हळूहळू खपवा.